पोकळ रचलेली लाकडं

घर दोन खोल्यांचं. त्याला लागून झाडांच्या सालींचं स्वयंपाकघर, आणि ते मात्र व्हरांड्यासकट सगळ्या घराहून मोठं. हेन्री लॉसनची ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ ही कथा अशी मोजमापं देत सुरू होते. भोवती बुश, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातलं ते विरळ झाडीचं, सपाट रान. डोंगर नाही, क्षितिज नाही. खुरटी, कुजकी झाडं, जवळजवळ आटलेला ओढा. जवळात जवळची माणसांची खूण 19 मैलांवर, तीही रस्त्याकडेचा एक गुत्ता. इथे लॉसन वर्णन आटोपतं घेतो आणि सांगतो, की नवरा मेंढ्या घेऊन गेलाय आणि बायको-मुलं इथे एकटी आहेत. राबायची जागा राहायच्या जागेहून मोठी, हे त्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यावर वेगळं भाष्य तो करत नाही. मला हा लेखक आवडू लागतो तो इथपासून.

ड्रोव्हर म्हणजे दुसऱ्यांच्या मेंढ्या-गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणारा माणूस. या कथेतल्या ड्रोव्हरकडे एकेकाळी स्वतःची जमीन होती, दुष्काळाने ती गेली. त्याच्या बायकोला लॉसनने नाव दिलेलं नाही. मुलाला आहे, टॉमी. कुत्र्यालासुद्धा आहे, ॲलिगेटर. ती मात्र शेवटपर्यंत कुणाची तरी बायको. नाव नसल्यामुळेच असेल, पण गेली सव्वाशेहून अधिक वर्षं ऑस्ट्रेलियाच्या प्रत्येक पिढीने या बाईला आपापल्या घरची करून घ्यायचा प्रयत्न केला आहे. या देशाने स्वतःला कसकसं पाहिलं, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने जाडजूड इतिहास बाजूला ठेवून आधी ही दहा-बारा पानं वाचावीत असं मी म्हणेन.

कथा प्रसिद्ध झाली 23 जुलै 1892 रोजी, सिडनीच्या ‘द बुलेटिन’ या साप्ताहिकात. लॉसन तेव्हा 25 वर्षांचा होता. बाप नॉर्वेचा खलाशी, सोन्याच्या मागे ऑस्ट्रेलियात उतरलेला, आई लुईसा. मजीजवळच्या कोरडवाहू जमिनीवर नवरा कामासाठी बाहेर असताना लुईसाने एकटीने मुलं वाढवली, पुढे सिडनीला येऊन 1888 मध्ये ‘द डॉन’ हे बायकांनी चालवलेलं, बायकांसाठीचं मासिक काढलं. लॉसनला लहानपणीच बहिरेपण आलं आणि चौदाव्या वर्षापर्यंत ते जवळजवळ पूर्ण झालं. ऐकू न येणाऱ्या मुलाचे डोळे तीक्ष्ण होतात असं म्हणायचा मोह होतो. पण या कथेतले संवाद वाचले की वाटतं, ऐकू येत होतं तेवढ्या काळातलं बोलणं त्याने जपून ठेवलं असावं.

‘बुलेटिन’ शहरातून निघायचं आणि गोडवे गायचं बुशचे. वसाहतींचं मिळून एक राष्ट्र व्हायला अजून नऊ वर्षं होती. 1901 मध्ये ते झालं. त्या होऊ घातलेल्या राष्ट्राला चेहरा हवा होता, आणि तो चेहरा ठरला बुशमधल्या कष्टाळू, कमी बोलणाऱ्या, मैत्रीला जागणाऱ्या गोऱ्या पुरुषाचा. बहुतेक वाचक किनाऱ्यावरच्या शहरांत राहणारे होते, याने काही बिघडलं नाही. याच ‘बुलेटिन’च्या मथळ्याखाली 1908 पासून ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसाचा, अशा अर्थाचं ब्रीद छापलं जाऊ लागलं आणि ते 1960च्या सुमारापर्यंत टिकलं. लॉसनची बाई अशा घरात जन्माला आलेली आहे, हे लक्षात ठेवायचं.

गोष्ट एका रात्रीची. मुलं ओरडतात, साप! तो आधी लाकडांच्या ढिगात शिरतो आणि मग घराखाली. घराच्या जमिनीला लाकडी फळ्या, त्यांच्यात फटी. स्वयंपाकघराची जमीन मातीची. म्हणून बाई चारही मुलांना स्वयंपाकघरात आणते, मधल्या टेबलावर झोपवते आणि हातात ओल्या झाडाचा सोटा घेऊन रात्रभर पाळत ठेवते. सोबत शिवणाची टोपली, शहरी बायकांचं एक मासिक आणि कुत्रा. वादळ येऊन जातं. पहाटे साप निघतो, कुत्रा त्याला ओढून बाहेर काढतो, ती त्याला ठेचते आणि चुलीत टाकते. घडतं ते एवढंच.

मधला सगळा वेळ तिच्या आठवणींचा. लॉसनने कथा वर्तमानकाळात ठेवली आहे, ही त्याची मोठी चाल. ती बसली आहे, ती ऐकते आहे, ती एकटी राहायला सरावली आहे. या वर्तमानकाळामुळे ही एक रात्र राहत नाही, तिची रोजची अवस्था होते. आठवणीही एकापुढे एक ठेवल्यासारख्या, कोणतीच चढवून सांगितलेली नाही. ती घरात एकटी असताना एक मूल गेलं आणि मदतीसाठी ते मेलेलं मूल घेऊन तिने 19 मैल घोडा दामटला, हे तो दोन छोट्या वाक्यांत सांगतो. सुरुवातीला नुसतं अंतर म्हणून आलेला 19 हा आकडा इथे परत येतो आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्याच सुरात पुढे पुरात फुटलेला बांध, रोगाने मेलेल्या दोन चांगल्या गाई. पिसाळलेला बैल तिने फटीतून गोळी घालून मारला आणि त्याचं कातडं साडेसतरा शिलिंगला विकलं, हा हिशेबही आहे. लॉसनच्या जगात शौर्याला किंमत मिळते ती शिलिंगांत.

आणि हसू. कावळे-गरुड कोंबड्यांवर आले की ती केरसुणीचा दांडा बंदुकीसारखा धरते आणि तोंडाने आवाज काढते; पक्षी पळतात. दर रविवारी दुपारी ती स्वतः नीटनेटकी होते, मुलांना कपडे घालते आणि जुनी बाबागाडी ढकलत रानवाटेने फिरायला निघते, जणू शहरातल्या हमरस्त्यावर चालली आहे. भेटायला कोणी नसतं. या प्रसंगात दुसऱ्या कोणत्याही लेखकाने हंबरडा फोडला असता. लॉसन फक्त एवढं सांगतो की हे ती नेमाने करते. टॉमीच्या शिव्यांच्या जागी तो कंसात नुसतं विशेषण असं लिहून मोकळा होतो. सभ्य वाचकांची आणि अकरा वर्षांच्या पोराची अशी दोघांची सोय.

आता ज्या तीन जागांसाठी मी ही कथा पुन्हा पुन्हा वाचतो त्यांच्याकडे येतो. ऑस्ट्रेलियात दशकानुदशकं शाळेत शिकवली गेलेली, गोऱ्या चिकाटीची गाथा म्हणून मिरवलेली ही कथा. पण तिच्या प्रत्येक वळणावर काळी माणसं उभी आहेत.

पहिली जागा बाळंतपणाची. ती एकटी, तापाने फणफणलेली. दाराच्या चौकटीतून एक काळा चेहरा आत डोकावतो, काय चाललंय ते क्षणात ओळखतो आणि आपल्या बायकोला घेऊन येतो. ओढ्याकाठी राहणारी ही ब्लॅक मेरी बाळंतपण निभावते. लॉसन तिचं कौतुक करतो, पण ते करताना तिला सगळ्या मुलखातली सर्वांत गोरी काळी बाई ठरवतो. चांगुलपणाचा रंग त्याला एकच ठाऊक. मात्र एक गोष्ट त्याने लिहून ठेवली आहे जी त्याच्या वाचकांनी फारशी मनावर घेतली नाही: या एकाकी बाईला शेजार होता. 19 मैल हे अंतर गोऱ्या माणसापर्यंतचं. मेरी ओढ्याकाठीच राहत होती.

दुसरी जागा वणव्याची. नवऱ्याची जुनी विजार चढवून ती हिरव्या फांदीने आग झोडपत राहते, काळीठिक्कर पडते, शेवटी चार माणसं मदतीला येतात. नंतर बाळाला उचलायला जाते तर ते किंचाळत सुटतं; त्याला वाटतं, हा कोणी काळा माणूस आहे. कुत्राही मालकिणीवर धावून जातो. लॉसनने हे विनोद म्हणून लिहिलंय आणि विनोद जमलाही आहे. पण दुडूदुडू चालणारं पोर कुणाला भ्यायचं हे आधीच शिकलेलं आहे, आणि घटकाभरासाठी त्याची आई त्या पलीकडच्या रांगेत जाऊन उभी राहते. ही आई काळी असती तर? लॉसनने हा प्रश्न विचारलेला नाही. पण प्रसंग त्याने मांडून ठेवला आणि तो सव्वाशे वर्षं तिथेच होता.

तिसरी जागा लाकडांची. रात्री सरपण संपतं, ती ढिगातून एक ओंडका ओढते आणि सगळा ढीग कोसळतो. आदल्या दिवशी एका वाटसरू काळ्या माणसाने तिला लाकडं रचून दिली होती. ती हरवलेली गाय शोधायला तासभर गेली होती, परतली तर हा भला थोरला ढीग. खूश होऊन तिने ठरल्यापेक्षा थोडी जास्त तंबाखू दिली, तो आळशी नाही म्हणून त्याला शाबासकीही दिली. तो मान ताठ ठेवून निघून गेला. लॉसन सांगतो, तो आपल्या टोळीतला शेवटचा होता आणि राजा होता. पण ढीग त्याने आतून पोकळ रचला होता.

इथे बाईचा बांध फुटतो. पुराने बांध फोडला तेव्हा ती रडली होती, गाई मेल्या तेव्हाही, आणि आता या क्षणी ती पुन्हा रडते. डोळे पुसायला रुमाल घेते तर बोटं थेट डोळ्यांत जातात; रुमाल भोकांनी भरलेला, अंगठा एकातून आणि बोट दुसऱ्यातून बाहेर. आणि ती हसत सुटते. रडू आणि हसू एकाच चिंधीतून काढणं हे लॉसनचं कसब. त्या रुमालालाही मधे काही नाही, लाकडांच्या ढिगालाही नाही. दोन्ही गोष्टी त्याने लागोपाठ ठेवल्या आणि पुढे निघून गेला.

पहिल्या वाचनात आपण बाईच्या बाजूने त्या माणसावर चिडतो; कथेची तशी योजनाच आहे. पुढच्या वाचनात साप आठवतो. तो आधी लाकडांच्या ढिगात शिरला होता. पोकळ ढिगात सापाला जागा असते. लॉसन हे दोन धागे जोडत नाही, आपण जोडतो, आणि मग त्या काळ्या माणसाने या घराला नक्की काय दिलं हा प्रश्न उभा राहतो. त्यानंतर मजुरी दिसते: कामाच्या बदल्यात तंबाखू. त्या काळी काळ्या माणसांना पैशांऐवजी पीठ, चहा, तंबाखू देऊन राबवून घेणं सर्रास होतं. शेवटचा राजा हे बिरूदही दिसतं. काळे लोक संपत चालले, उरला तो शेवटचा, असं मानणं वसाहतीला सोयीचं होतं. मालकच उरला नाही तर जमीन कोणाकडून घेतली हे कोण विचारणार? त्या माणसाने ढीग पोकळ का रचला याचं कारण लॉसनने दिलेलं नाही. त्याला ते सुचलंही नसेल. पण कथेत त्याने काळ्या माणसाला एक गुपित ठेवू दिलं, आणि ताठ मानेने जाऊ दिलं.

यानंतरचा इतिहास बराचसा या बाईच्या नातेवाइकांचा आहे. पहिली नातेवाईक चारच वर्षांत आली. 1896 मध्ये बार्बरा बेंटनची एक कथा ‘बुलेटिन’ने काटछाट करून छापली, पुढे ती ‘द चोझन व्हेसल’ या नावाने ओळखली गेली. तीच एकटी झोपडी, तीच बाई, तेच तान्हं मूल. लॉसनच्या कथेत भटक्या माणूस दाराशी येतो, बाईच्या हातातला दांडका आणि कुत्रा पाहून निघून जातो. बेंटनचा भटक्या जात नाही. बलात्कार आणि खून होतो, आणि मदतीला येऊ शकणारा माणूस तिला पाहून कुमारी मेरीचा दृष्टांत झाला असं समजून पुढे घोडा पिटाळतो. बुशमधली मैत्री, माणुसकी, ‘बुलेटिन’ने उभारलेला सगळा देव्हारा बेंटन काही पानांत रिकामा करते. ही कथा वर्षानुवर्षं कडेला राहिली आणि लॉसनची डोक्यावर घेतली गेली, यातून राष्ट्राला स्वतःविषयी काय ऐकायचं होतं ते कळतं. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलरचं चलन आणलं तेव्हा 10 डॉलरच्या नोटेवर लॉसनचं चित्र होतं.

1945 मध्ये रसेल ड्रायसडेलने याच नावाचं चित्र काढलं. ते आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. उजाड सपाट जमीन, मागे गाडी, घोडे, एक छोटासा पुरुष, आणि समोर टोपी घातलेली धिप्पाड बाई, हातात पिशवी. ही लॉसनची बाई वाटत नाही, आणि तेच मरी बेलच्या पथ्यावर पडलं. त्याच्या 1975च्या कथेत ॲडलेडचा एक दातांचा डॉक्टर हे चित्र पाहून म्हणतो, ही ड्रोव्हरची बायको कसली, ही तर माझी. आम्हाला सोडून ड्रोव्हरबरोबर गेली. बायकोच्या हातची कुऱ्हाड, तिने मारलेला साप त्याला आठवतात, आणि त्यात तिला किती मजा येत होती हेही. बुशला भिणारा शहरी नवरा, बुशमध्ये सुखावणारी बायको. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाईची कीव केली, ती कदाचित आनंदात होती, ही बेलची गंमत आहे आणि टोचणीही. फ्रँक मूरहाउसने 1980 मध्ये त्याहून वात्रटपणा केला: एका इटालियन अभ्यासकाचा गंभीर निबंध असल्याचा आव आणून ड्रोव्हरची बायको म्हणजे मुळात मेंढीच, असं सिद्ध करून दाखवलं. साहित्यसंमेलनांत वाचले जाणारे निबंध ज्यांनी सोसले आहेत त्यांनी हा जरूर वाचावा. त्याच वर्षी बार्बरा जेफरिसने बाईलाच बोलतं केलं, आणि ती या सगळ्या पुरुषांना, लॉसनपासून, शांतपणे खोडून काढते. हे दोन्ही ‘बुलेटिन’मध्येच छापून आलं.

या सगळ्या खेळात काळी माणसं मात्र कुठेच नव्हती. विनोद झाला, स्त्रीवाद झाला, तरी लाकडांच्या ढिगात कोणी हात घातला नव्हता. जून 1992 मध्ये, लॉसनच्या कथेला शंभर वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम दोन महिने उरलेले असताना, ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मॅबो खटल्यात निकाल दिला, की गोरे आले तेव्हा ही भूमी मालकावाचून पडलेली नव्हती. त्याआधी 1987 मध्ये सॅली मॉर्गनचं ‘माय प्लेस’ हे आत्मचरित्र आलं होतं. पर्थमध्ये वाढलेल्या या मुलीला घरात सांगितलं गेलं, की आपण मूळचे भारतीय. शाळेत कोणी विचारलं तर तसंच सांगायचं. खरं म्हणजे तिची आजी आदिवासी होती, आणि मुलं हिरावली जातील या भीतीने घराने ते झाकून ठेवलं होतं. आपल्या देशाचं नाव कुठेतरी दूर एका कुटुंबाला लपायला उपयोगी पडत होतं, हे वाचताना भारतीय वाचकाला काय वाटावं मला कळत नाही.

लीया पर्सेल ही क्वीन्सलँडमधल्या मर्गनची आदिवासी लेखिका-अभिनेत्री. लहानपणी आई तिला लॉसनची ही कथा वाचून दाखवायची आणि शेवट जवळ आला की ती आईला थांबवून टॉमीचं शेवटचं वाक्य, मी कधी ड्रोव्हर होणार नाही हे, स्वतः म्हणायची. गोऱ्या राष्ट्राची आवडती कथा आदिवासी आईच्या मांडीवर बसून ऐकलेली ही मुलगी 2016 मध्ये सिडनीच्या बेलव्हॉर रंगमंदिरात त्याच नावाचं नाटक घेऊन आली, आणि मुख्य भूमिकाही तिनेच केली. पुढे 2019 मध्ये कादंबरी, 2021 मध्ये चित्रपट. तिने बाईला नाव दिलं, मॉली जॉन्सन. कळप हाकायला गेलेला म्हणून सांगितला जाणारा नवरा प्रत्यक्षात मारझोड करणारा होता आणि मॉलीने त्याला ठार केलेलं आहे. अंगणात येतो याडाका, पळून आलेला आदिवासी पुरुष. तो मॉलीला तिच्या जन्माची हकिकत सांगतो: तिची आई काळी होती.

लॉसनच्या वणव्यात बाळ ज्याला भ्यालं तेच पर्सेलने खरं केलं. हे तिने ठरवून केलं की नाही कोण जाणे, पण मूळ कथेशी इतका जवळचा संवाद दुसऱ्या कोणाही रूपांतरकाराला साधलेला नाही. बाळंतपणाला आलेली मेरीही इथे पाहुणी राहत नाही, ती रक्ताच्या नात्यात येते. 2017 मध्ये या नाटकाला व्हिक्टोरियाचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार मिळाला.

तरीही माझी तक्रार आहे. पर्सेलची मॉली संतापाने पेटलेली आहे, तिच्या वाट्याला हिंसा येते आणि ती हिंसेने उत्तर देते. चित्रपटात तर निसर्गसौंदर्य आणि सूडकथा यांनी पडदा इतका भरून जातो, की रविवारची बाबागाडी तिथे मावत नाही. लॉसनने न सांगितलेलं पर्सेल सांगते आणि कधीकधी सगळंच सांगते. रुमालाच्या भोकातून बोट बाहेर आल्यावर हसणारी बाई मला मॉलीत सापडत नाही. ते हसू गेलं मूरहाउसकडे, आणि 2018 मध्ये रायन ओनीलकडे, ज्याने ही एकच कथा 99 तऱ्हांनी पुन्हा लिहिली. त्याचं पुस्तक एका बैठकीत वाचायचं नाही, दोन-तीन तुकड्यांनंतर चातुर्य जीभ चाळवतं आणि पोट भरत नाही. पण त्यातल्या एखाद्या चांगल्या तुकड्यानंतर मूळ कथा परत काढली, की लॉसनने काय काय लिहायचं टाळलं होतं ते दिसायला लागतं, आणि ड्रोव्हर नेमका किती महिन्यांपूर्वी गेला, पैसे पाठवले होते का, हे आपण पुन्हा तपासायला बसतो.